मैदान भरलं आहे

ऑफिसच्या दारासमोरच्या भिंतीवर विकलेल्या प्रतींचा आकडा लाल दिव्यांत झळकत असायचा, आणि त्या आकड्याची गंमत अशी की तो कधी कमी म्हणून व्हायचा नाही. एकदा विकलं ते विकलं. घेणाऱ्याने पहिल्याच दिवशी कंटाळून गेम पुसून टाकला तरी भिंतीवर त्याची हजेरी कायम. शेजारी दुसरी पाटी होती, या घडीला किती जण खेळतायत ते सांगणारी. गेम बाजारात आला त्या आठवड्यात लोकांनी तिच्यापुढे उभं राहून फोटो काढले, केक कापला, आणि बॉसने खुर्चीवर चढून भाषण ठोकलं. मग ती पाटी घसरायला लागली. तिसऱ्या महिन्यात कुणीतरी गुपचूप ती खोलीच्या तापमानाला जोडून टाकली. परवाच एका पाहुण्याने तिच्याकडे बोट करून विचारलं, चोवीस म्हणजे चोवीस हजार का? ते तापमान होतं, आणि खेळणारे त्या वेळी त्याहून कमी होते.

नकाशेवालीचं टेबल नेमकं या दोन पाट्यांच्या समोर. तिला सगळे नकाशेवाली म्हणायचे, कारण गेममधली लढाई जिथे होते ती गावं, पूल, गोदामं सगळी ती बांधायची. गोळ्या कशा सुटतात, माणसं कशी पडतात ते दुसरे बघायचे. हिचं काम जागेचं. दीड वर्ष खपून तिने एक मोठं मैदान उभं केलं होतं, आणि त्याच्या ऐन मध्यात, नदीकाठी, एक पंपघर.

ते पंपघर बाबांचं. म्हणजे तिचे वडील एकतीस वर्षं ज्या पंपघरात नोकरीला होते, त्याचं हुबेहूब रूप. बाबा निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत ती इमारत पाडली. धड एक फोटोही कुणाकडे नव्हता. मग तिने बाबांना फोनवर विचारून विचारून सगळं काढून घेतलं. त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीने चार पंप काढून पाठवले, तिसऱ्या पंपाचं घट्ट बसणारं चाक, काच नसलेली खिडकी, डबा अडकवायची खुंटी, आणि भिंतीवरचा तो थाळीएवढा मीटर, काट्यावरच्या ओरखड्यासकट. मीटरबद्दल एवढंच म्हणाले की काढ, पण तो महा खोटारडा होता. का, ते विचारायचं तिच्या राहून गेलं. तेव्हा गेम बाजारात जायला तीन आठवडे होते आणि तिला जेवायलासुद्धा सवड नव्हती.

बाबांची एकच इच्छा होती: आत जाऊन बघायचं. तिने व्हिडिओ पाठवते म्हटलं तर ते चक्क रागावले. दार मी उघडणार, आत मी जाणार, उजव्या हाताला काय आहे ते मान वळवून मी बघणार, तू कोण मला दाखवणारी, असं त्यांचं म्हणणं. पहिल्या दिवशी त्यांनी गेम विकत घेतला. लेकीचा गेम फुकट घेणार नाही म्हणाले. भिंतीवरच्या त्या लाल आकड्यात एक प्रत बाबांची होती. माउस धरायला शिकले, चालायला शिकले, उडी मारायला शिकले. आईने सांगितलं की हे सराव करताना खुर्चीतही उडी मारतात.

पण आत जाता येईना. कारण या गेमला चाळीस माणसं लागायची. वीस इकडे, वीस तिकडे. चाळिसावा आल्याशिवाय मैदानाचं दार उघडायचं नाही, आणि उघडून लढाई सुरू झाली की मध्येच कुणाला शिरता यायचं नाही. पहिल्या आठवड्यात एवढी झुंबड उडाली की सर्व्हर पार आडवे झाले. बाबांच्या पडद्यावर यायचं, तुमच्यापुढे अकरा हजार जण आहेत. ते तीन तास बसले आणि उठून आनंदाने फोन केला की बाई, तुझ्याकडे पाय ठेवायला जागा नाही. तिलाही तेव्हा हसू आलं होतं. सर्व्हर ताळ्यावर यायला महिना गेला. तोवर अकरा हजार जण शिव्या घालून दुसरीकडे निघून गेले होते. मग बाबांच्या पडद्यावर यायला लागलं, थांबा, आणखी छत्तीस जण हवेत. बाबा थांबायचे. छत्तीसचे पस्तीस व्हायचे, पुन्हा अडतीस व्हायचे. माणूस रिकाम्या मांडवात किती वेळ बसणार? जो तो पाच मिनिटं बघून उठायचा, आणि तो उठला म्हणून पुढचा उठायचा. फक्त बाबा तेवढे उठत नसत.

ऑफिसातल्या मशीनवर रिकामं मैदान उघडता यायचं, पण ते ऑफिसबाहेर न्यायची परवानगी नव्हती. आणि बाबा राहायचे दूर, दिवसभराच्या प्रवासावर. गुडघ्यांनी त्यांचा प्रवास केव्हाच बंद केला होता.

तिने काय कमी डोकं आपटलं? गेम बाजारात जायच्या आधीच तिने लिहून दिलं होतं, की माणसं कमी असली तर काय? त्यावर उत्तर आलं होतं, असं होणार नाही. बस्, तीन शब्द. पुढे तसंच झालं तेव्हा ती बॉसकडे गेली आणि म्हणाली, चाळीसचे दहा करा. दहा जणांवर मैदान उघडू दे. जे शे-दोनशे उरलेत ते तरी टिकतील, खेळतील, आणखी चार जणांना बोलावतील. सर्व्हर सांभाळणारा तिच्या बाजूने उभा राहिला. हा माणूस एरवी तोंडातून शब्द काढायचा नाही, पण त्या दिवशी त्याने स्वतःहून सांगितलं की एक आकडा बदलायचाय, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

बॉसने स्वतःच्या मागच्या भिंतीवरच्या पोस्टरकडे बोट केलं. ‘चाळीस शूर, एक मैदान.’ म्हणाला, दहा जणांचं युद्ध? अहो, दहा जणांत तर पार्किंगवरून भांडण होतं. चाळीसचे दहा केले की दुसऱ्या दिवशी बातमी येईल, यांचा गेम मेला. ती म्हणाली, मेलाच आहे, बातमी तेवढी बाकी आहे. बॉसने चष्मा काढला, पुसला, आणि तुम्ही मैदानं फार सुंदर बांधता असं म्हणून तिला वाटेला लावलं. ती जागेवर येऊन बसली. दीड वर्ष बांधलेली जागा, कुलूप घालून ठेवलेली, आणि किल्ली समोरच्या माणसाच्या खिशात. एक आकडा. अर्धं मिनिट. तिला त्या दिवशी दारावर लाथ मारावीशी वाटली.

बॉसने त्याऐवजी दुसरीच शक्कल काढली. तिला ऑफिसात ‘भरती’ म्हणायचे. दुपारी दोन वाजता ज्याला सवड असेल त्याने खोटं नाव घेऊन गेममध्ये शिरायचं आणि मैदान भरून द्यायचं, म्हणजे बाहेर ताटकळणाऱ्या गिऱ्हाइकांना खेळायला मिळेल. नियम कागदावर छापून प्रत्येकाच्या टेबलावर चिकटवले होते. माइक बंद. आपली ओळख द्यायची नाही. आणि तिसरा नियम ठळक अक्षरांत: गिऱ्हाईक दिसलं की हरायचं. नवीन माणूस पहिल्याच दिवशी मार खाऊन गेला तर परत येत नाही, म्हणून. खेळताना कुणाचं नाव दिसायचं नाही, सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट. नावं शेवटी निकालाच्या पाटीवर. तेव्हा आपल्यातला कोण आणि गिऱ्हाईक कोण हे ओळखायला मार्ग नव्हता. समोर आला तो गिऱ्हाईक असं धरून चालायचं.

रोज जेमतेम बारा-पंधरा जण बसायचे, आणि त्याने काही व्हायचं नाही. पण या मंगळवारी बॉसने हुकूमच सोडला. गेममध्ये पैसा घातलेली मंडळी येणार होती आणि त्यांना काचेच्या खोलीतल्या मोठ्या पडद्यावर भरलेलं मैदान दाखवायचं होतं. तेव्हा दोनच्या ठोक्याला सगळे आत हवेत. हिशेबाच्या बाई, दारावरची मुलगी, एअर कंडिशनर दुरुस्त करायला आलेला माणूससुद्धा. फक्त सर्व्हरवाल्याला सुटका, कारण कुणीतरी सर्व्हरकडे बघायला हवं.

हे कळलं आणि नकाशेवालीला वाटलं, चला, बॉसच्या खुळातून का होईना, आपलं काम होतंय. तिने बाबांना फोन केला. आज बरोबर दोनला बसा, आज नक्की उघडणार, मी पंपघराच्या दारातच उभी असेन. बाबा म्हणाले, दाढी करून बसतो. आईने मागून विचारलेलं ऐकू आलं, की गेममध्ये दाढी कुणाला दिसणार आहे.

दोनला सगळं ऑफिस एकदम चूप झालं. चाळीस बोटांनी चाळीस बटणं दाबली आणि दार तीन सेकंदांत उघडलं. तिला स्वतःला विश्वास बसेना. पळत पळत ती पंपघरापाशी पोहोचली आणि दारात उभी राहिली. पाण्याचा आवाज येत होता, तिनेच घातलेला. पाचेक मिनिटांनी पुलावरून एक जण आला. पण काय चालणं! दोन पावलं पुढे, मग झाडाला धडक, मग वळून उलटीकडे, मग आकाशाकडे बघत तसाच उभा. बाबाच. दुसरं कोण असं चालणार?

तिने त्यांच्यापुढे दोनदा बसून उठून दाखवलं, या म्हणून. ते धडपडत मागे आले. दारापाशी ती बाजूला झाली, कारण दार त्यांनीच उघडायचं होतं. त्यांनी तीनदा दाराच्या शेजारची भिंत उघडायचा प्रयत्न केला आणि चौथ्यांदा दार उघडलं. मग तिने एकेक करून दाखवलं. पहिला पंप, दुसरा, तिसऱ्याचं चाक. खुंटीपाशी ती थांबली, तेही थांबले. मीटरसमोर तर ते एवढा वेळ उभे राहिले की तिचे डोळे भरून आले. टेबलावर रुमाल नव्हता, तिने बाहीला डोळे पुसले.

इकडे काचेच्या खोलीत मात्र भलताच प्रकार चालू होता. मोठ्या पडद्यावर चाळीस शूर दिसत होते आणि एकही गोळी सुटत नव्हती. सुटणार कशी? प्रत्येकाला समोरचा गिऱ्हाईक वाटत होता आणि प्रत्येकाला हरायचं होतं. पुलाच्या मधोमध एक जण बंदूक खाली टाकून उड्या मारत होता, मला मारा म्हणून. दोघं गोदामात समोरासमोर बसून एकमेकांची वाट बघत होते. नदीकाठी सात जण रांगेने उभे होते आणि त्यांच्यापुढे आणखी पाच जण तसेच, सगळे सौजन्याचे पुतळे. पाहुण्यांपैकी एकाने विचारलं, लढाई कधी सुरू होणार? बॉस म्हणाला, डावपेच चाललेत, वरच्या दर्जाचे खेळाडू आहेत.

अर्धा तास झाला असेल. सर्व्हरवाला उठून तिच्या टेबलापाशी आला आणि खाली वाकला.

“आत सगळे आपलेच आहेत,” तो हळूच म्हणाला. “चाळीसच्या चाळीस. एकही बाहेरचा नाही.”

ती म्हणाली, असं कसं होईल, माझे बाबा आहेत, हे बघ माझ्यासमोर उभे आहेत. त्याने मान हलवली आणि हातातला कागद पुढे केला. त्याने यादी लिहूनच आणली होती. सगळी नावं ऑफिसच्या लाइनीवरून आत आलेली. आणि खाली, वेगळं, एकच नाव.

“बाहेर एक जण थांबलाय. दोन वाजून चार सेकंदांपासून. तिसरा पंप म्हणून नाव आहे.”

तिने पडद्याकडे पाहिलं. मीटरसमोरचा तो माणूस वळला आणि भिंतीवर आपटला. त्याच क्षणी पलीकडच्या टेबलावरून हिशेबाच्या बाई स्वतःशीच पुटपुटल्या, मेलं हे वळतच नाही. तिच्या अंगातलं सगळं रक्त डोक्यात चढलं. बाबांसाठी मांडलेल्या जागेत आपण हिशेबाच्या बाईंना हात धरून फिरवत होतो, आणि बाबा दारात. आपल्याच चाळीस माणसांनी त्यांची जागा अडवली होती. बाकीची तर सोडाच, एक जागा तिने स्वतः अडवली होती.

ती उठून काचेच्या खोलीपाशी गेली आणि काचेवर टकटक केलं. बॉसने वळून न बघता पाचही बोटं वर केली, थांबा म्हणून. तिने पुन्हा टकटक केलं. पुन्हा पाच बोटं. सर्व्हरवाला म्हणाला, हे मैदान आता मध्येच बंद केलं तर मोठा पडदा काळा पडेल आणि माझी नोकरी जाईल. त्याचं खोटं नव्हतं. कुणी मरत नव्हतं त्यामुळे लढाई पूर्ण चाळीस मिनिटं चालणार होती. तिने घड्याळाकडे बघत उरलेली आठ मिनिटं उभ्याने काढली. आयुष्यात एवढा संताप तिला कधी आला नव्हता, आणि तो काढायला समोर एक काच होती फक्त.

चाळीस मिनिटं संपली. निकाल बरोबरीत सुटला. काचेच्या खोलीत टाळ्या झाल्या, पाहुणे हात मिळवून चहाला गेले, आणि बॉस बाहेर येऊन सगळ्यांना म्हणाला की मंडळी, आज मैदान खच्चून भरलं होतं, त्यांना फार आवडलं. हिशेबाच्या बाई खुशीत होत्या. मला एका गिऱ्हाइकाने किती छान फिरवलं हो, पंपबिंप दाखवले, बिचारा फार प्रेमळ होता, असं त्या ज्याला त्याला सांगत होत्या. सर्व्हरवाल्याच्या पडद्यावर बाहेर थांबलेल्यांच्या पुढे शून्य दिसत होतं.

तिने जिन्यात जाऊन बाबांना फोन लावला. त्यांच्या आवाजात नुसता उत्साह.

“अगं, भरलं होतं!” ते म्हणाले. “मैदान भरलं आहे, असं लिहून आलं. मी आईला बोलावून दाखवलं.”

चाळीस मिनिटं ते त्या पाटीकडे बघत बसले होते. शेवटी आईने औषधाला उठवलं. दोनला बसायला त्यांना जरा उशीरच झाला होता, चष्मा सापडेना म्हणून. पण त्याचं त्यांना काही नव्हतं. तूच म्हणत होतीस ना की कुणी येत नाही, आता बघ. त्यांनी शेजाऱ्यांनाही सांगून टाकलं होतं, की मुलीच्या गेममध्ये जागा मिळत नाही.

ते तसंच राहू देता आलं असतं. ती जिन्याच्या कठड्याला टेकली. पण दिवसभर खोटंच बघितलं होतं आणि तिला आता ते गिळवेना. ती म्हणाली, बाबा, आत सगळे आम्हीच होतो. ऑफिसातले. तुमच्यासारख्यांना खेळायला मिळावं म्हणून बसवलेले.

मग बाबांनी भलतंच विचारलं, मीटर केलास ना, काट्याला ओरखडा आहे ना? आहे म्हटल्यावर ते सांगायला लागले. उन्हाळ्यात नदी आटायची. वर पाणी चढायचं नाही आणि तपासणीला साहेब यायचे. मग इंजिनियर बाबांना परतीचं चाक उघडायला लावायचा. वर टाकीत चढवलेलं पाणी दुसऱ्या नळाने खाली विहिरीत यायचं, तेच पुन्हा वर चढवायचं, तेच पुन्हा खाली. मीटर प्रत्येक वेळी मोजायचा. संध्याकाळी कागदावर सगळं शहर न्हाऊन निघालेलं, आणि घरोघर नळ कोरडे. ते चाक बाबा फिरवायचे, स्वतःच्या हाताने. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी मीटरची काच काढली आणि पान्याने काट्यावर ओरखडा काढला. दुसरं काही करायची हिंमत झाली नाही म्हणाले.

“मग तुमच्याकडे खरं पाणी किती?” त्यांनी विचारलं.

“एक,” ती म्हणाली. “तुम्ही.”

बाबांनी ते ऐकून घेतलं. मग साध्या आवाजात विचारलं, की मग उद्या किती वाजता येऊ?

“उद्या नाही,” ती म्हणाली. “आत्ता. फोन ठेवू नका, चष्मा लावा.”

फोन कानाला तसाच धरून ती सर्व्हरवाल्याच्या टेबलापाशी गेली आणि चाळीसचे दोन कर म्हणाली. दोन? तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याने एकदा चहाच्या दिशेने पाहिलं, एकदा तिच्या हातातल्या फोनकडे, आणि खुर्ची पुढे ओढली. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. उद्या दोघांना काय काय ऐकून घ्यावं लागणार होतं ते दोघांना ठाऊक होतं.

ती जागेवर बसली. पुलावरून एक जण आला, सावकाश, कडेकडेने, कुठेही न आपटता. दारापाशी तो थांबला आणि पहिल्या झटक्यात दार उघडून आत गेला. ती बाहेरच राहिली. फोनमध्ये फक्त बाबांचा श्वास ऐकू येत होता. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, खुंटी डावीकडे होती गं. ती म्हणाली, बाबा, तुम्हीच उजवीकडे काढली होती. असेल, म्हणाले. पंपांपुढून एकेक करून ते गेले, तिसऱ्यापाशी जरा जास्त रेंगाळले, आणि शेवटी भिंतीसमोर येऊन उभे राहिले.

“पंप चारही बंद आहेत,” बाबा म्हणाले, “आणि मीटर फिरतोय. अगदी तसाच खोटारडा केलायस.”